हळदकुंकू आणि केरसुणी

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला पतंगाविषयी एकच गोष्ट ठाऊक असते. तो ज्योतीवर प्रेम करतो आणि तिच्यावर झडप घालून मरतो. वर्गात हा दृष्टान्त आला की आम्ही मास्तर मंडळी आवाज थोडा खाली आणतो, खिडकीबाहेर पाहतो आणि ‘समर्पण’ हा शब्द उच्चारतो. वीस वर्षे मी हे इमानेइतबारे करीत आलो. यंदाच्या पितृपंधरवड्यात मात्र अकरावीत शास्त्रशाखेला असलेल्या माझ्या मुलीने निडीच्या ओटीवर बसून माझे हे भांडवल दहा मिनिटांत बुडविले. तेव्हा या दिवाळीला नाटके, संमेलने आणि आमच्या कॉलेजातल्या गमती हे या सदरातले नेहमीचे जिन्नस बाजूला ठेवतो आणि दोन पाखरांची हकीकत सांगतो.

निडी हे पुष्कळांना ठाऊक नसेल. पेणहून रोह्याकडे रेल्वेने निघाले की नागोठण्यानंतरचे आणि रोह्याच्या अलीकडचे हे लहानसे स्टेशन. लांबच्या गाड्या त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. दिव्याहून सुटणारी रोह्याची गाडी तेवढी थांबते. (पतंगांच्या गोष्टीला गाडीसुद्धा दिव्याचीच मिळावी, हा योगायोग माझा नव्हे, रेल्वेचा!) आमचे घर स्टेशनापासून दहा मिनिटांवर. पुढे भाताची खाचरे, मागे फणस, पेरू, दोन कलमी आंबे, आणि त्यांच्यामागे डोंगर. काका गेल्यापासून तिथे काकू एकटीच असते.

१९८८ साली मी नऊ वर्षांचा होतो. घर तेव्हा भरलेले होते. आजोबा, त्यांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्याआजी, आई-वडील, काका, आणि त्याच वैशाखात लग्न होऊन आलेली काकू. श्रावणातल्या एका शुक्रवारी सकाळी काकू पाणी तापवायला मागीलदारी गेली आणि धावतच परत आली. पेरूच्या खोडावर एक पाखरू बसले होते. पाखरू कसले, जेवणाचे ताटच! एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत नऊ-दहा इंच तरी असेल. रंग विटकरी, त्यावर पांढऱ्या-गुलाबी नागमोडी रेघा, आणि प्रत्येक पंखावर एक तिकोनी खिडकी. खिडकी म्हणजे खरोखरीच आरपार दिसणारी. मी तिच्यातून पेरूची साल पाहिली. आत्याआजी काठी टेकीत आली, पाहिले आणि म्हणाली, “लक्ष्मी आली गं घरी. धाकटे, तुझ्या पायानं आली. हळदकुंकू वाहा.” काकूने खोडाला हळदकुंकू वाहिले, पुढे वाटीत साखरदूध ठेवले. आसपासच्या बायका येऊन पाहून गेल्या. चार-पाच दिवस पाखरू तिथेच होते. रोज दूध बदलले जाई. त्याने एका थेंबालाही तोंड लावले नाही. “देवाचं आहे, त्याला भूक कसली,” आत्याआजी म्हणाली. पुढे एका सकाळी ते खाली पडलेले आढळले आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. त्याबद्दल कोणीच काही बोलले नाही.

ही हकीकत मी मुलीला सांगितली तेव्हा ती हसली. “बाबा, तोंड लावणार कुठून? त्याला तोंडच नसतं.”

हे मला खरे वाटले नाही. पण खरे आहे. हा ॲटलास नावाचा पतंग. नाव ठेवले लिनियसने, १७५८ साली. ग्रीक पुराणात आकाश खांद्यावर पेलणारा जो राक्षस आहे, त्याचे. जगातल्या सगळ्यांत मोठ्या पतंगांत याची गणना होते. आणि एवढ्या थोर देहाला चालता-बोलता खाणारे तोंड नाही. असते ते नावापुरते, निकामी. काय खायचे ते त्याने बालपणी खाऊन ठेवलेले असते. दालचिनी, पेरू, लिंबू-संत्र्याची झाडे यांच्या पानांवर याचा सुरवंट वाढतो. पांढरट हिरवा, अंगावर खडूची भुकटी उडाल्यासारखा मेणाचा थर, आणि शेवटी शेवटी लांबी चार इंच. तेवढ्या दिवसांत तो खातो ते आयुष्यभराचे. मग पानाला पान जोडून आत तपकिरी रेशमाचा कोश विणतो, सुमारे महिनाभर त्यात राहतो, आणि बाहेर येतो तो कायमचा उपाशी. अंगातली शिदोरी आठवडा-दीड आठवडा पुरते. त्या मुदतीत एकच काम उरकायचे असते. मादी कोशापासून फारशी दूर जात नाही. तिथेच बसून वाऱ्यावर गंध सोडते. नराच्या मिशा पिसासारख्या फुटलेल्या असतात, त्यांना तो गंध काही किलोमीटरांवरून लागतो. तो येतो, ती अंडी घालते, आणि दोघांचाही शिधा संपतो. आमची पेरूवरची लक्ष्मी बहुधा वाट पाहत बसली होती. तिच्यापुढे आम्ही दूध ठेवीत होतो.

आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीच्या बाजूला ऐन आणि अर्जुन यांच्या झाडांवर ज्याचे कोश वाढवितात, तो टसरचा पतंगही याच कुळातला, आणि त्याचेही तोंड असेच बंद. ॲटलासच्या कोशातही रेशीम असते, पण त्याचा धागा अखंड निघत नाही. तैवानमध्ये त्या रिकाम्या कोशांचे म्हणे सुटे पैसे ठेवायचे बटवे करतात. एवढा मजबूत असतो.

एक गोष्ट तेव्हा आत्याआजीने पाहिली नाही, हे बरे झाले. ॲटलासच्या पुढच्या पंखांची टोके वाकडी असतात, आणि त्यांच्यावर डोळा आहे, जबडा आहे, अगदी नागाच्या तोंडासारखे. डिवचले तर तो जमिनीवर पडून पंख सावकाश हलवितो आणि दोन नाग वळवळत असल्यासारखे दिसते. चीनमधल्या कॅन्टनकडचे लोक याला ‘सापतोंड्या’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. आत्याआजीची नजर पंखाच्या त्या कोपऱ्याकडे गेली असती, तर लक्ष्मीचे काय झाले असते कोण जाणे. कदाचित नागोबा म्हणून आणखी एक वाटी दूध मिळाले असते!

आता दुसरे पाखरू. त्याच वर्षीचा पितृपंधरवडा. आजोबा महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते. डॉक्टरांनी मान हलविली होती, आणि मोठ्या माणसांना ती कळली होती. त्या रात्री पाऊस होता आणि वीज गेलेली. माजघरात आजोबांच्या उशाशी कंदील होता. साडेदहाच्या सुमारास मागच्या बाजूने काहीतरी घोंघावत आत आले, कंदिलाभोवती दोन फेरे घेतले, भिंतीवर आदळले, आणि थेट आजोबांच्या पांघरुणावर पडले. जाडजूड, केसाळ अंग. पोटावर पिवळे-काळे पट्टे. पंख मिटून बसले तर चार बोटांएवढे. वडिलांनी कंदील जवळ नेला. पाखराच्या पाठीवर, मानेखाली, माणसाची कवटी होती. दोन डोळ्यांच्या खोबणी, मध्ये नाकाची खाच. कोणीतरी त्याला हात लावला, आणि ते ओरडले. उंदराच्या पिलासारखे, चिं चिं करून.

पाखरू ओरडते हे ज्यांनी ऐकले नाही, त्यांना त्या क्षणाची कल्पना यायची नाही. आई मागे सरकली. आत्याआजीने रामनाम सुरू केले, आणि मग ते मध्येच थांबवून विचारले, “मागलं दार कुणी उघडं टाकलं?” मागीलदारी शेवटचा वावर धाकट्या सुनेचा असे. सगळ्यांनी काकूकडे पाहिले. मला कोणी सांगितले ते आठवत नाही, पण केरसुणी मीच आणली आणि मीच मारली. तीन फटके लागले. तिसऱ्यापर्यंत ते ओरडत होते.

आजोबा तिसऱ्या दिवशी गेले.

आत्याआजी दुष्ट नव्हती. पाठचा भाऊ गेला होता. तिला काहीतरी कारण हवे होते. पण महिन्यापूर्वी जिच्या पायाने लक्ष्मी आली होती, तिच्याच पायाने आता मरण आले. पुढे घरात कोणाला ताप आला की म्हातारी म्हणे, “दारं बघा रे, धाकटी घरात आहे.” हे एकदा-दोनदा नव्हे, १९९६ साली ती स्वतः जाईपर्यंत. काका ऐकून घेई. काकूही ऐकून घेई.

मुलीच्या म्हणण्याप्रमाणे ते पाखरू आजोबांकडे आलेच नव्हते. आमच्या मागच्या भिंतीत, चिऱ्यांच्या सांदीत, सातेरी माश्यांचे पोळे होते. ते अजूनही आहे. या कवटीवाल्या पतंगाचा धंदा मधचोरीचा! त्याची सोंड इतर पतंगांसारखी लांब आणि नाजूक नसते. आखूड, जाड आणि टोकदार असते. तिने तो मेणाचे झाकण फोडून मध पितो. रात्री हा हजारो माश्यांच्या घरात शिरतो, चालत चालत मधापर्यंत जातो, आणि पुष्कळदा धडधाकट बाहेर येतो. हे त्याला साधते कसे? कातडी जाड असते, डंखही बराच पचतो. पण खरी करामत वासाची आहे. रॉबिन मॉरिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली याच्या युरोपातल्या भावंडाचे अंग तपासले. माश्यांच्या अंगावर जी चार स्निग्धाम्ले असतात, तीच, जवळजवळ त्याच प्रमाणात, त्याच्या अंगावर सापडली. अंधाऱ्या पोळ्यात ओळख पटते ती वासाने. चोर घरातल्याच माणसाचा वास लावून येतो! पाठीवर कवटी आहे की स्वस्तिक आहे, हे माश्यांना दिसतही नाही.

ओरडण्याचाही उलगडा झाला आहे. आपली बाजाची पेटी वाजते तसेच ते. घशाची पोकळी हा भाता. तो फुगला की हवा सोंडेवाटे आत येते आणि तिथला एक पडदा थरथरतो, म्हणून कर्र असा तुटक आवाज. भाता दबला की तीच हवा बाहेर जाताना शीळ वाजते. २०१५ साली जर्मनीत हे सगळे बारकाईने तपासून प्रसिद्ध झाले. कशासाठी ओरडतो? धरणारा दचकावा म्हणून, असे दिसते. राणीमाशीही पोळ्यात एक आवाज काढते, त्याची ही नक्कल असेल अशीही एक कल्पना आहे. ती मला आवडते, पण आवडण्यावर शास्त्र चालत नाही. आमच्या पांघरुणावरचा तो मात्र दचकविण्यासाठीच ओरडला असणार, आणि त्याचा उपयोग उलटाच झाला.

याचा सुरवंट तिळावर, वांग्यावर, वालावर वाढतो. म्हणजे आपल्याच परसात. बोटाएवढा जाड, शेपटीला शिंग. पुढे जमिनीत शिरून कोशात जातो. आणि बाहेर आल्यावर ॲटलाससारखा दाराशी बसून राहत नाही. २०२२ साली संशोधकांनी युरोपातल्या जातीच्या चौदा पतंगांच्या पाठीवर चिमुकले रेडिओ-यंत्र चिकटविले आणि लहान विमानातून रात्री त्यांचा माग काढला. त्यातल्या एकाचा माग ऐंशी किलोमीटरांच्याही पुढे, आल्प्स ओलांडताना, राखता आला. वारा कुठूनही असो, रेघ मारल्यासारखे सरळ जात होते. त्या प्रवासाला इंधन लागते. ॲटलासला कुठे जायचेच नाही, म्हणून तोंडाचा खर्च नाही. याला जायचे आहे, म्हणून चोरी.

नावाची गोष्ट मुलीने सहज सांगितली, पण मला भाषेचा माणूस म्हणून तीच सर्वांत लागली. या पतंगाच्या जगात तीन जाती. ‘ॲकेरॉन्शिया’ हे कुळनाव ॲकेरॉन या मृत्युलोकीच्या नदीवरून, म्हणजे ग्रीकांच्या वैतरणीवरून. युरोपातली जात ‘ॲट्रोपॉस’: आयुष्याचा धागा कापणारी देवता. आपल्याकडच्या दोन जातींत एक ‘लॅकेसिस’: तो धागा मोजून देणारी, जवळजवळ आपली सटवाईच, दुसरी ‘स्टिक्स’: पुन्हा एक मृत्युनदी. ही नावे ठेवणारे कोणी अडाणी म्हातारे नव्हते. लिनियस, फॅब्रिसियस, वेस्टवुड, सगळे मोठे पंडित. त्यांनाही पाठीवरची खूण पाहून मोह आवरला नाही. मग निडीच्या माजघरातल्या कंदिलाच्या उजेडात आमच्या आत्याआजीला नावे कशाला ठेवायची? एकाला खांद्यावर आकाश, दुसऱ्याला वैतरणी. एकाला हळदकुंकू, दुसऱ्याला केरसुणी. (त्या केरसुणीलाही आपण लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतोच, पण ते असो.)

फुलपाखरांचे नशीब बरे असते. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्याचे फुलपाखरू केले, आणि असे करणारे हे देशातले पहिले राज्य. पतंगांना रात्रपाळी. जगात फुलपाखरांच्या जाती अठरा हजारांच्या आसपास, पतंगांच्या दीड लाखाहून अधिक. पण त्यांची दखल घ्यायला जागणारा माणूस लागतो. निलगिरीत चहाचा मळा केलेला जॉर्ज हॅम्पसन नावाचा इंग्रज तसा होता. हिंदुस्थानातल्या पतंगांवर त्याने १८९२ ते १८९६ या काळात चार खंड लिहिले.

आता ज्योत आणि समर्पण. २०२४ च्या जानेवारीत एक संशोधन प्रसिद्ध झाले. दिव्याभोवती फिरणारे कीटक अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपले, तेव्हा दिसले की ते दिव्याकडे झेपावतच नाहीत. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची, ही त्यांची जुनी खोड. लाखो वर्षे रात्रीचा उजेड फक्त आकाशात होता. पाठ उजेडाकडे ठेवली की वर कुठे आणि खाली कुठे ते कळे. मग मध्येच एक दिवा येतो. कीटक त्याच्याकडे पाठ करतो, वळतो, पुन्हा पाठ करतो, आणि घिरट्यांत अडकतो. तो दिव्यावर भाळलेला नसतो, वाट चुकलेला असतो. सगळ्यांनाच हे लागू नाही. कवटीवाल्याच्याच नात्यातला, कण्हेरीवर वाढणारा एक पतंग त्या प्रयोगात दिव्याला बधला नाही. पण कवटीवाला उजेडावर येतो, हे आम्ही निडीत दोनदा पाहिले आहे.

मुलीच्या पुढच्या वाक्याने मी गप्प झालो. “बाबा, त्या रात्री गावात दुसरीकडे कुठे दिवा होता का?”

नव्हता. वीज गेलेली, नऊ वाजता गाव झोपलेले. ज्या घरी माणूस अत्यवस्थ असतो, त्याच घरी दिवा रात्रभर जळतो. पाखरू मरणाची बातमी घेऊन येत नाही. मरण जवळ आले म्हणून जो दिवा ठेवलेला असतो, त्याच्यावर येते. जिथे कुठे या पतंगाला अपशकुनी म्हटले गेले, युरोपातही म्हटलेच गेले, तिथे असे किती दिवे जळत असतील!

आम्ही हे बोलत होतो त्याचे कारणही सांगतो. आजोबांच्या श्राद्धाला आम्ही निडीला गेलो होतो, आणि आदल्या रात्री ओटीच्या दिव्याजवळ भिंतीवर एक कवटीवाला येऊन बसला. मुलीने मोबाइलवर त्याचे फोटो काढले, दोन बोटांत अलगद धरला, तो ओरडला, तिने टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली आणि परत भिंतीवर सोडला. मला मात्र हातात केरसुणी असल्यासारखे वाटत होते. कारण एक गोष्ट मी मुलीला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. आमच्या गावापर्यंत रेल्वे तेव्हा नुकती कुठे आली होती. रात्रीच्या गाडीचे दिवे खाचरांच्या पलीकडून सरकताना पाहायचे, हे मला वेड होते. त्या रात्री सगळे आजोबांजवळ असताना मी मागल्या दाराने बाहेर पडलो, गाडी पाहिली, भिजत परत आलो, आणि दार लावायचे विसरलो.

काकू आतून आली. बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती, ते ताट हातातच होते. भिंतीवर पाखरू पाहून ती थबकली, पण घाबरली नाही. “दिवा मालव,” ती मुलीला म्हणाली. “जाईल आपलं आपण.”

मुलीने बटण दाबले. ओटीवर अंधार झाला. डोंगराकडून बेडकांचा आवाज येत होता.

“त्या रात्री पण मी हेच म्हणाले होते,” काकू म्हणाली. “कंदील जरा आत न्या, पाखरू निघून जाईल. नव्या सुनेचं कोण ऐकतंय?”

अंधारात बोलणे सोपे जाते. मी म्हणालो, “काकू, मागलं दार तू नव्हतंस उघडं टाकलं. मी टाकलं होतं. गाडी बघायला गेलो होतो.”

ताटात वाल पडल्याचा आवाज आला.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “मागच्या पडवीत तुझ्या चिखलाच्या पावलांचे ठसे होते. ते कोणी पुसले असं वाटलं तुला?”

“मग बोलली का नाहीस?”

“नऊ वर्षांचं पोर तू. तुझ्यावर ढकलून मला काय मिळणार होतं?” ती थोडा वेळ थांबली. “मला वाटायचं, मोठा झालास की सांगशील.”

मला उत्तर सुचले नाही. मुलगी माझ्याकडे पाहत असावी. अंधारात दिसत नव्हते. काही वेळाने तिने विचारले, “काकूआजी, लावू का दिवा?”

“थांब जरा,” काकू म्हणाली. “अजून गेलं नसेल ते.”